कीचकाला ओळखलं कुणी?

सगळी पात्रं महाभारतातली. नगरी विराटाची, काळ पांडवांच्या अज्ञातवासाचा. व्हाइसरॉयचं नाव नाही, इंग्रजांचा उल्लेख नाही. तरीही ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, त्याला हे नाटक सोसवलं नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आलं आणि 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. मधली तीन वर्षं ते राजरोस, तिकीट लावून चाललं होतं!

खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. वर्तमानपत्रात लिहिलेल्या शब्दासाठी राजद्रोहाचा खटला होतो, हे त्या कचेरीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? बंगालची फाळणी करून लॉर्ड कर्झन 1905 मध्ये मायदेशी परतला होता, पण त्याच्या उद्दामपणाचा सल देशभर ताजा होता. खाडिलकरांनी त्यासाठी नवी गोष्ट रचलीच नाही. घराघरांत माहीत असलेली गोष्ट उचलली: सत्तेच्या कैफात सैरंध्री बनून राहिलेल्या द्रौपदीवर हक्क सांगणारा कीचक, तिचे नवरे समोर असूनही बांधलेले, आणि शेवटी भीमाच्या हातून त्याचा अंत.

प्रेक्षकांनी उरलेलं काम स्वतः केलं. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान. आणि पांडव? नाटकाची खरी करामत इथे आहे. धीर धरा, अज्ञातवास संपत आलाय, असं समजावणारा युधिष्ठिर मवाळांचा झाला. अपमान गिळायला नकार देणारा भीम जहालांचा. म्हणजे इंग्रजांवरचं म्हणून गाजलेलं हे नाटक तितकंच आपसातल्या भांडणाचंही होतं. 1907 च्याच डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस याच दोन तटांत फुटली.

कीचक मरणार हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग उत्कंठा कशाची? भीम युधिष्ठिराचं कुठवर ऐकून घेणार, याची. खाडिलकरांनी मूळ कथेत एक अर्थपूर्ण बदलही केला. महाभारतात कीचक नृत्यशाळेत मारला जातो, इथे भैरवाच्या देवळात. रात्रीच्या अंधारातला सूड देवासमोरचं कर्तव्य होऊन बसला.

नाटक बसवलं पुण्याच्या महाराष्ट्र नाटक मंडळीने. काळ संगीत नाटकांचा होता. एकेका पदाला ‘वन्स मोअर’ घेत रात्री उजाडत. पण ही मंडळी गद्य नाटकं करणारी. गाण्याचा आधार नाही, सगळा भार शब्दांवर आणि ते फेकणाऱ्या नटांवर.

डिसेंबर 1909 मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि हवा पालटली. पुढच्याच महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’ने ‘कीचकवधा’वर सविस्तर लिहिलं. कोणतं पात्र म्हणजे कोण, याचा उलगडा त्यात होता. कीचकाचे अत्याचार पाहताना पुरुषांचे ताणलेले चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना बायकांचे पाणावलेले डोळे आणि वधानंतर सभागृहात उठणारा समाधानाचा हुंकार, हे सगळं त्या वृत्तात नोंदलेलं आहे. राजद्रोह म्हणून दाखवायला नाटकातल्या एखाद्या वाक्यापेक्षा प्रेक्षकांचे चेहरेच अधिक उपयोगी पडत होते!

बंदीसाठी कायदा तयारच होता: 1876 चा नाट्यप्रयोग कायदा. कलकत्त्याच्या रंगभूमीवर प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीनिमित्त झालेल्या टवाळीने चिडून सरकारने तो आणला होता. सरकारविषयी अप्रीती पसरण्याची शक्यता दिसली, तरी त्याखाली प्रयोग थांबवता येत असे. पण ‘कीचकवधा’च्या बाबतीत या अधिकाराने सरकारची विलक्षण पंचाईत केली. स्त्रीची विटंबना करणारा उन्मत्त सत्ताधीश मारला जातो, ही कथा शतकानुशतकं कीर्तनांतून सांगितली जात होती. त्यातून अप्रीती पसरेल असं म्हणायचं, तर त्या सत्ताधीशात आपला माणूस दिसतो हे कबूल करणं आलं. खाडिलकरांनी कर्झनला एकदाही कीचक म्हटलं नाही; बंदीच्या हुकुमाने ते म्हणून टाकलं.

खाडिलकर पुढे संगीत नाटकांकडे वळले, 1911 चं ‘मानापमान’ अजूनही गायलं जातं. 1876 चा तो कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही केंद्राच्या कायद्यांत रेंगाळत राहिला. तो रद्द करायला 2017 चं विधेयक लागलं. कर्झन आता इतिहासाच्या पुस्तकात आहे, तरी ‘कीचकवध’ वाचताना अडत नाही. प्रत्येक पिढीला आपापला कीचक ओळखता येतो, आणि आपापला युधिष्ठिरही. दुसरी ओळख जास्त झोंबते.