सुईच का, गोळी का नाही?

वस्तीत शुगर तपासायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, बीपीची गोळी मिळते, शुगरचीही मिळते, मग इन्सुलिनचीच सुई का?" प्रश्न रास्त आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे, डाळीतल्या नि अंड्यातल्या प्रथिनासारखेच. गिळले तर ते पोटात पचून जाईल, रक्तात पोहोचणारच नाही.

आता हे प्रथिन शरीरात कसे तयार होते ते बघू. जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. पेशी डोळ्याला दिसत नाही, पण तिच्या आतही वेगवेगळे कप्पे आहेत. घरातल्या शाळकरी मुलीला विचारा, विज्ञानाच्या पुस्तकातले आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल यांचे चित्र ती दाखवील.

इन्सुलिनची साखळी सुरुवातीला 110 अमिनो आम्लांची असते. त्यातली पहिली 24 म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. साखळी अजून पुरी विणून झालेली नसते, तोच पेशी ही चिठ्ठी ओळखते आणि साखळी आंतर्द्रव्यजालिकेत ओढून घेते. आत गेल्यावर चिठ्ठी कापली जाते, उरतात 86. इथे साखळीला नीट घडी पडते. घडी चुकलेला माल पुढे सोडला जात नाही, तो मोडीत काढतात. फार थोड्या बाळांमध्ये जनुकातल्या दोषामुळे ही घडीच बसत नाही आणि जन्मानंतर काही महिन्यांतच मधुमेह दिसतो. त्यात आईच्या खाण्यापिण्याचा किंवा कुणाच्या नजरेचा काही संबंध नसतो.

घडी बसलेला माल बारीक पिशव्यांतून गॉल्गी संकुलात जातो. तिथे निवड होते: हे पेशीच्या आवरणाकडे, हे लयकारिकेकडे, हे साठवणीच्या पिशवीत. या पिशवीत साखळीचा मधला तुकडा कापला जातो आणि 51 अमिनो आम्लांचे, दोन पदरांचे इन्सुलिन तयार होते. जस्तासोबत त्याचे स्फटिक बनतात. एका बीटा पेशीत अशा सुमारे 10,000 पिशव्या तयार असतात. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की काही पिशव्या आवरणाला चिकटून उघडतात.

प्रथिनाचा पत्ता प्रथिनातच लिहिलेला असतो, हे दाखवणारे गुंटर ब्लोबेल यांना 1999 साली नोबेल मिळाले. ती रक्कम त्यांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात बॉम्बहल्ल्यात पडलेले चर्च पुन्हा उभारायला आणि ज्यूंच्या नव्या प्रार्थनागृहाला दिली. आम्हाला हे विशेष वाटते.

रक्तात आलेले इन्सुलिन स्नायूंच्या पेशींना निरोप देते. साखर आत घेणारी दारे तिथेही पिशव्यांतच ठेवलेली असतात, निरोप मिळाला की ती आवरणावर येतात. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही आणि जादा काम करून बीटा पेशीही हळूहळू थकतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे.

चालताना स्नायू आकसतात तेव्हा ही दारे इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात. म्हणून जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चाला असे आम्ही सांगतो. गल्ली अरुंद असली तर विहाराच्या आवारात चाला.

लहान मुलांना बहुधा होणाऱ्या मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी नष्ट करते. पिशव्याच नाहीत, तर उघडणार काय? अशा मुलाची सुई बंद करून अंगारा-ताईत केला, तर थोड्या दिवसांत मूल दगावू शकते. इन्सुलिनची "सवय लागते" ही भीतीही खोटी आहे. आपल्या पेशी जे रोज करत होत्या तेच आपण बाहेरून देतो.

दोन गोष्टी घरात सगळ्यांनी पाहून ठेवा. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा 40 युनिटचे असते, त्याच्या सिरिंजचे टोपण लाल. 100 युनिटच्या सिरिंजचे टोपण नारिंगी. 100 ची बाटली 40 च्या सिरिंजने भरली तर डोस अडीचपट जातो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. फ्रीज नसेल तर बाटली पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवा. बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नाही.