श्वासाचे पुनर्वसन घरच्या ओसरीवर

धानाच्या आणि तेंदूपत्त्याच्या मुलखातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात ज्या वृद्धांची फुप्फुसे बिडीने, आणि ज्या वृद्धांची, विशेषतः स्त्रियांची, बिडीला स्पर्शही न करता केवळ चुलीच्या धुराने झिजली, त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा व्यायामासाठी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाणे दुष्कर असल्याने, उपचारानेच त्यांच्या ओसरीवर यावे, हे मला सर्वथा न्याय्य वाटते.

दम लागेल या भयाने माणूस बसून राहतो, बसल्याने पायांचे स्नायू क्षीण होतात, आणि क्षीण स्नायूंमुळे दम अधिकच लवकर लागतो. हे दुष्टचक्र तोडणे हाच या पुनर्वसनाचा हेतू. प्रथम वैद्य रुग्णास प्रत्यक्ष तपासून 6 मिनिटांत तो किती चालतो ते पाहतात. पुढे साधारण 8 आठवडे भौतिकोपचारतज्ज्ञ मोबाईलवर थेट पाहून चालणे, खुर्चीवरून उठबस आणि ओठ आवळून सावकाश श्वास सोडणे करवून घेतात, कारण त्या दाबाने अरुंद श्वासनलिका उघड्या राहून कोंडलेली हवा बाहेर पडते. फुप्फुसे पूर्ववत होत नाहीत, चालण्याची शक्ती मात्र वाढते. आणि कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या समीक्षेनुसार हा लाभ रुग्णालयातील वर्गाच्या जवळपास तोडीचा असतो. व्यायामावेळी घरातील कोणीतरी हजर असावे. छातीत दुखल्यास किंवा घेरी आल्यास तत्काळ थांबावे.