मोरीच्या पाण्यासाठी पऱ्हाटीच्या कोळशाचा फिल्टर

उन्हाळ्यात मोरीचं पाणी परसबागेला द्यायचं असेल तर आधी कोळशातून गाळून घ्या.

*कोळसा:* पऱ्हाट्या, तुराट्या किंवा करवंट्या पत्र्याच्या डब्यात भरा. झाकणाला छोटं भोक ठेवा, नाहीतर डबा फुटेल. बाहेरून जाळ करा. भोकातला धूर थांबला की कोळसा तयार. पूर्ण गार झाल्यावरच उघडा. हरभऱ्याएवढे तुकडे करून राख जाईपर्यंत धुवा.

*भरणं:* 200 लिटरच्या ड्रमला तळाशी तोटी बसवा. तळात 10 सेंमी खडी, त्यावर 40 सेंमी कोळसा, वर 15 सेंमी धुतलेली वाळू. पाणी आधी टाकीत निवळू द्या. वरचं तेल आणि खालचा गाळ ड्रममध्ये जाऊ देऊ नका. वाळू तुंबली तर वरचा थर काढून धुवा.

*हे लक्षात ठेवा:* कोळशाच्या बारीक छिद्रांत वास आणि रंग अडकतो. क्षार मात्र अडकत नाहीत, जंतूही सगळे जात नाहीत. वॉशिंग पावडरमधल्या सोडियमने काळी जमीन घट्ट होते, म्हणून कपड्यांचं पाणी यात सोडू नका. संडासाचं तर अजिबात नाही.

गाळलेलं पाणी त्याच दिवशी केळी, शेवगा, नारळाच्या बुडाशी द्या. कोथिंबीर, मेथी, काकडीला नको. जनावरांनाही पाजू नका.

पाण्याला पुन्हा वास यायला लागला की कोळसा बदला. जुना कोळसा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

काही अडलं तर याच नंबरवर फोटो पाठवा.