किल्ली मागणारा चोर

आमची सूचना अशी, की खराडीच्या शाळेने जवळच्या आयटी पार्कमधील एखाद्या अभियंत्याला वर्गात बोलवावे. मात्र भाषणासाठी नव्हे, मुलांचे गणित तपासायला.

चार आकडी कुलपाला किती क्रमांक संभवतात? दर जागी १० अंक, म्हणून १० × १० × १० × १० = १०,०००. सेकंदाला १,००० क्रमांक लावणारा संगणक ते १० सेकंदांत संपवील. आता इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून आठ अक्षरी पासवर्ड घ्या. शक्यता होतात सुमारे २०,८८३ कोटी. त्याच संगणकाला साडेसहा वर्षे लागतील. मग स्वतःचे नाव पासवर्ड म्हणून का चालत नाही? चोर ओळखीची नावे आधी लावून पाहतो.

पुष्कळदा तर चोर कुलूप फोडतच नाही, गोड बोलून किल्ली मागतो. इथे बँकेतल्या माणसाला बोलवावे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा ठकच. हे मुलांनी घरी आजीला समजावून सांगावे.

तिसरे पाहुणे पोलीस. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर सरकतात. लवकर कळवले तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. उशीर होतो तो बहुधा लाजेने किंवा बोलणी खाण्याच्या भीतीने. म्हणून फसलेल्याला हसायचे नाही, हा नियम वर्गाने पहिल्याच दिवशी करावा. नागरिकशास्त्र इथूनच सुरू होते.