दोघांची नावं बॅलटमध्ये

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायचं तर सोडतीत, म्हणजे बॅलटमध्ये, नाव निघावं लागतं. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी दोनच्या आत, नावं द्यायची. कमीत कमी दोघांची, जास्तीत जास्त चौघांची. यादी त्याच दिवशी लागते. एकट्यासाठी वेगळी सोडत आहे, तिला आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवावं लागतं. म्हणजे दोघंही खेळणारे असतील, तर बॅलटला लागणारी संख्या घरातच असते. पुण्यात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून नवऱ्याने आणि मी स्कॉटलंडची सहल आखायला घेतली, तेव्हा सगळी आखणी या नियमाभोवती फिरली. या सहलीत सगळ्यात आधी ठरवायचं ते कुठले दिवस मोकळे ठेवायचे हे, असं माझं ठाम मत तेव्हा झालं आणि ते आजही बदललेलं नाही.

गोल्फ टूरचे तयार कार्यक्रम आम्ही नीट वाचले होते. रोज एक नामांकित कोर्स, हॉटेलच्या दाराशी व्हॅन, सोबत आणखी खेळाडू. ज्यांना हाताशी वेळ कमी आहे त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यात प्रत्येक दिवस भरलेला असतो, आणि बॅलट लागलाच तर परवाचा दिवस आपल्या ताब्यात हवा. म्हणून आम्ही सेंट अँड्र्यूजमध्ये एकाच ठिकाणी सलग मुक्काम धरला आणि आगाऊ पैसे भरून घ्यायचे खेळ त्याच्या आधी, एडिंबरोच्या बाजूला ठेवले. रविवार मोजणीतून वगळावा लागतो. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवरून फिरतात, पोरं बंकरच्या वाळूत खेळतात. जमीन गावाची आहे, कुठल्याही क्लबची नाही. तिथल्या आर्चबिशपने 1552 मध्ये सनद देऊन या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला, आणि 1974 च्या कायद्याने तिची व्यवस्था एका ट्रस्टकडे आली. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गोल्फ कोर्सवर पुण्याहून गेलेल्या दोघांचं नाव इतरांच्या बरोबरीने सोडतीत पडतं, ते या इतिहासामुळे. मला हे फार मोलाचं वाटतं.

महिना आम्ही जून धरला. सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे दुपारी उशिराची वेळ मिळाली तरी अठरा होल उजेडात पूर्ण होतात. वर्ष निवडताना ओपन स्पर्धा कुठे आहे ते बघावं. 2027 च्या जुलैमध्ये ती सेंट अँड्र्यूजलाच आहे, तेव्हा त्या उन्हाळ्याच्या तारखा टाळलेल्या बऱ्या.

आता दोघांचा प्रश्न. नवऱ्याचा हँडिकॅप माझ्या निम्मा आहे. अशा जोडप्याची सहल बहुतेक वेळा चांगल्या खेळणाऱ्याच्या हौशीने आखली जाते, आणि दुसरं माणूस दिवसभर उंच गवतात चेंडू शोधत बसतं. आम्ही उलटं केलं: प्रत्येक कोर्सचं कार्ड उघडून आधी माझ्या टीवरून अंतरं वाचली. कार्नुस्टी त्यातच गळलं. ते लांब आहे, कठोर आहे, आणि शेवटच्या होल्सवर बॅरी बर्न हा ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. त्याऐवजी एली घेतलं. तिथे एकही पार फाइव्ह नाही. सोळा पार फोर आणि दोन पार थ्री. पहिल्या टीसमोर उंचवटा असल्यामुळे पुढचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून स्टार्टरच्या खोलीत एका जुन्या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे. त्यातून बघून तो पुढची जोडी लांब गेल्याची खात्री करतो आणि मगच आपल्याला सोडतो.

नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्स हा आमचा आगाऊ ठरवलेला मोठा खेळ. एडिंबरोहून लोकलसारख्या गाडीने अर्धा तास. तेराव्या होलवर ग्रीन एका जुन्या दगडी भिंतीच्या पलीकडे आहे, आणि पंधरावं होल म्हणजे ‘रेडन’. तिरकं, मागच्या बाजूला उतरतं ग्रीन आणि समोर खोल बंकर; या एका होलच्या नकला जगभर झाल्या आहेत.

आमच्या दोघांतल्या सामन्याचा हिशेब कागदावर मांडून नेला होता. 2020 पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आल्यामुळे पुण्यातला इंडेक्स स्कॉटलंडमध्ये तसाच चालतो. इंडेक्सला त्या टीच्या स्लोपने गुणायचं, 113 ने भागायचं आणि कोर्स रेटिंग व पार यांतला फरक मिळवायचा. इंडेक्स 14 आणि स्लोप 130 असेल तर गुणाकार-भागाकार साधारण 16 वर येतो; इंडेक्स 28 चे 32 होतात. म्हणजे अवघड कोर्सवर आम्हा दोघांमधलं अंतर चौदा फटक्यांवरून सोळावर जातं, आणि मला दोन जास्त मिळतात. क्लबच्या सेक्रेटरींकडून दोघांच्या हँडिकॅपचं प्रमाणपत्र घेतलं, कारण ओल्ड कोर्सवर ते दाखवावं लागतं.

सगळ्यात जास्त तयारी लागली ती खांद्यांना. आपल्याकडे कॅडी बॅग उचलतो, चेंडू शोधतो, पटची रेषाही दाखवतो. तिथे कॅडी आधी सांगून ठेवावा लागतो आणि महाग पडतो; ओल्ड कोर्सवर वैद्यकीय कारण असल्याशिवाय बग्गीही मिळत नाही. म्हणून जाण्याआधी आम्ही घरच्या कोर्सवर बॅग स्वतः वाहायची सवय केली आणि वाहता वाहता स्टिक कमी करत गेलो. विमानासाठी बॅग बांधतानाही तीच नजर ठेवली. ड्रायव्हरचं डोकं काढून मोज्यात घातलं. सगळ्या स्टिकपेक्षा थोडी उंच अशी एक भक्कम काठी मधोमध उभी केली, म्हणजे बॅग उलटी आपटली तर मार काठीवर बसतो. मधल्या फटींत पावसाळी जॅकेटं आणि पँटी ठासल्या; गादी भरतात तशी बॅग भरली, कुठे पोकळी राहू दिली नाही. रेंजफाइंडरची सुटी बॅटरी केबिनच्या पिशवीत.

एडिंबरोहून ल्यूखर्सपर्यंत रेल्वेने तासभर, पुढे सेंट अँड्र्यूज बसने थोडंच. भाड्याच्या गाडीची गरज पडली नाही. मोकळे ठेवलेले दिवस रिकामे जात नाहीत, हे मी आवर्जून सांगेन. न्यू कोर्स 1895 चा, ज्युबिली 1897 चा, आणि ओल्ड कोर्सच्या शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचं चढउतारांनी भरलेलं पटिंग ग्रीन. ते 1867 मध्ये स्थापन झालेल्या लेडीज पटिंग क्लबचं आहे, आणि थोडे पैसे भरून कोणालाही तिथे खेळता येतं. शेजारच्या आर अँड ए क्लबने महिलांना सदस्यत्व देण्याचा ठराव केला तो 2014 मध्ये. मधली जवळजवळ दीडशे वर्षं बायका या उंचवट्यांवर खेळत राहिल्या. नवऱ्यापेक्षा मी तिथे जास्त रमले.

बॅलटचा फॉर्म फोनवर भरायला फार वेळ लागत नाही: नावं, क्लब, हँडिकॅप. पहिल्या यादीत आम्ही नव्हतो. दुसऱ्या दिवशी परत नावं दिली, आणि त्या यादीत दुपारची वेळ लागली. दोघांच्या गटाला सहसा आणखी दोघं जोडून देतात. आम्हाला गावातलंच एक वयस्क जोडपं मिळालं. ग्रीनपासून तीस-चाळीस यार्डांवरून मी पुण्याच्या सवयीने वेज काढून चेंडू उंच उडवत होते, आणि कडक जमिनीवर आपटून तो पार मागे जात होता. चौथ्या होलवर त्या बाईंनी माझ्या बॅगेतला पटर काढून हातात दिला आणि जमिनीच्या उताराकडे बोट केलं. चेंडू गवतावरून घरंगळत, दोन उंचवटे चढून उतरून, भोकापासून हातभर अंतरावर थांबला. उरलेले चौदा होल मी वेजला हात लावला नाही, आणि ती बाजी नवऱ्यावर एका होलने जिंकली.