बाटलीतला हिवाळा

लोणच्यातलं व्हिनेगर आपल्या ओळखीचं. त्यात अ‍ॅसिटिक आम्ल असतं जेमतेम ४-५ टक्के. प्रयोगशाळेच्या बाटलीत मात्र ते जवळजवळ शुद्ध असतं आणि १६.६ अंश सेल्सिअसखाली बर्फासारखं गोठतं. म्हणून त्याला ‘ग्लेशियल’ म्हणतात. थंडीतल्या सकाळच्या प्रॅक्टिकलला गोठलेली बाटली बर्नरवर धरण्याचा मोह होतो. तो आवरावा. सुमारे ४० अंशांलाच त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते. बाटली विस्तवापासून दूर, कोमट पाण्यात ठेवावी. डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवाच, हातात मोजेही. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावं, पाणी आम्लात नव्हे. डोळ्यांत उडालंच, तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवून लगेच दवाखाना गाठावा. वास स्वयंपाकघरातला आहे, म्हणून बेसावध राहू नये.