टर्मिनलवरची चौकशी

लिनक्सच्या सर्व्हरवर डिस्क भरली की सगळंच अडतं. डेटाबेस नवी नोंद घेत नाही, लॉग थांबतो, वेबसाइट उघडते पण फॉर्म सबमिट होत नाही. अशा वेळी हात आधी 'डीएफ' या कमांडकडे जातो. कुठल्या फाइलसिस्टिमवर किती जागा वापरली आणि किती उरली, एवढंच ती सांगते. समजा तिने 100 टक्के दाखवले. मग जागा कुणी खाल्ली हे बघायला 'डीयू'. ती एकेका डिरेक्टरीत उतरते, फायलींनी व्यापलेली जागा मोजते आणि बेरीज करत वर येते. इथे कधीकधी चक्रावून टाकणारा प्रकार होतो. डीएफच्या मते 50 जीबीची डिस्क पूर्ण भरलेली असते आणि डीयूची बेरीज जेमतेम 20 वर थांबते. मधले 30 जीबी गेले कुठे?

नवख्याला वाटतं, दोघींपैकी एक चुकतेय. प्रत्यक्षात दोघीही खरंच सांगत असतात, फक्त त्यांचे प्रश्न वेगळे असतात. डीएफ थेट फाइलसिस्टिमकडे वापरातल्या ब्लॉकचा हिशेब मागते. डीयू नावं धरून चालते, त्यामुळे ज्या फाइलचं नाव कुठल्याच डिरेक्टरीत नाही ती तिला दिसत नाही. युनिक्समध्ये फाइल डिलीट करणं म्हणजे तिचं नाव काढणं. शेवटचं नाव गेलं तरी एखाद्या चालू प्रोसेसने ती फाइल उघडी धरली असेल, तर जागा सुटत नाही. कुणीतरी घाईघाईत भलीमोठी लॉग फाइल 'आरएम'ने उडवलेली असते आणि लॉग लिहिणारी सेवा त्याच निनावी फाइलीत लिहीत राहिलेली असते.

अशा वेळी 'एलएसओएफ' कामाला येते. पर्ड्यू विद्यापीठातल्या विक एबेल यांनी घडवलेली ही कमांड कुठल्या प्रोसेसने कोणत्या फायली उघड्या ठेवल्यात याची यादी देते. योग्य पर्याय दिला की एकही नाव न उरलेल्या फायली तेवढ्या समोर येतात. एका ओळीत प्रोसेसचं नाव, तिचा क्रमांक, फाइलचा आकार आणि शेवटी 'डिलीटेड' ही खूण. ती सेवा रीतसर रीस्टार्ट केली की 30 जीबी लगेच मोकळे होतात. सर्व्हर सांभाळायला शिकणाऱ्यांना ही कमांड पहिल्याच आठवड्यात दाखवायला हवी असं मला मनापासून वाटतं. (जागा भरपूर शिल्लक असूनही नवी फाइल बनत नसेल, तर डीएफलाच आयनोडचा, म्हणजे दर फाइलमागे लागणाऱ्या नोंदींचा, हिशेब विचारावा. लाखो चिल्लर सेशन फायलींनी ते संपवलेले असू शकतात.)

एका कमांडने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं, हा संस्कार न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जचा. तिथे 1969 साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. त्यांचे सहकारी डग मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेत पाणी घालताना नळीला नळी जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. 1973 मध्ये थॉम्प्सन यांनी ते युनिक्समध्ये आणलं. हाच पाइप. त्याच वर्षी 'एड' या एडिटरमधली मजकूर शोधायची सोय वेगळी काढलेली 'ग्रेप' आली, आणि 1977 मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांची 'ऑक'. वेबसाइटवर 500 क्रमांकाच्या एररचा पाऊस सुरू झाला, तर आजही हीच मंडळी उपयोगी पडतात. ग्रेप त्या एररच्या ओळी वेचते, ऑक प्रत्येक ओळीतून पानाचा पत्ता काढते, 'सॉर्ट' सारखे पत्ते एकत्र आणते, 'युनिक' ते मोजते. एका ओळीची कमांड, आणि कुठलं पान सगळ्यात जास्त वेळा कोसळतंय हे समोर. पाइप शोधणाऱ्यांनी या लॉगची कल्पनाही केली नव्हती, म्हणून मला त्या रचनेचं मोल फार वाटतं.

नेटवर्कची साधनं तर थेट अडचणीतूनच जन्मली. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत नेटवर्क विचित्र वागत होतं. माइक म्यूस यांनी त्यासाठी रातोरात 'पिंग' लिहिली. समोरच्या यंत्राकडे छोटं पॅकेट पाठवायचं, ते परत येतं का आणि किती वेळात येतं हे पाहायचं. त्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आधी भर घालावी लागली. पहिलं पॅकेट सुटण्यापूर्वीच सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर शोधून दुरुस्त केलं होतं. त्या रात्री पिंगची गरज उरली नाही. तेव्हापासून आजवर मात्र जगभर ती रोज लागते.

व्हॅन जेकबसन यांची 'ट्रेसराउट' पुढच्या काही वर्षांतली. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. तो शून्यावर आला की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. मुळात ही सोय पॅकेटं जाळ्यात कायम फिरत राहू नयेत म्हणून होती. जेकबसन यांनी आधी 1 आकड्याचं पॅकेट पाठवलं, मग 2, मग 3. दर वेळी एक टप्पा पुढचा राउटर उत्तर देतो आणि वाटेची यादी तयार होते. मधेच चांदण्या छापून आल्या तर घाबरायचं कारण नाही. काही राउटर असं कळवायचं टाळतात, पण पॅकेट पुढे नेतात. चांदण्यांनंतर पुढचे टप्पे दिसत असतील तर वाट सुरू आहे.

नेटवर्कवरून पुन्हा सर्व्हरकडे वळताना, चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'टॉप'बद्दल एकच गोष्ट. लिनक्सवर लोड ॲव्हरेज चढलेलं आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर 'डी' अवस्थेतल्या प्रोसेस शोधाव्यात. त्या बहुधा डिस्कची वाट पाहत अडकलेल्या असतात, आणि लिनक्स त्यांनाही लोडमध्ये धरतं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 'एसट्रेस'. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी ती मुळात सनओएससाठी लिहिली, पुढे ती लिनक्सवर आली. कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडायला, नेटवर्कवर बोलायला, मेमरी मागायला कर्नलकडेच जातो. एसट्रेस ही प्रत्येक मागणी आणि तिचं उत्तर ओळीओळीने छापते. प्रोग्रॅम स्वतः 'काहीतरी चुकलं' एवढंच सांगून बंद पडत असेल, तर शेवटच्या काही ओळी वाचाव्यात. अमुक डिरेक्टरीत सेटिंगची फाइल मागितली, उत्तर आलं 'अशी फाइल नाही'. दुसऱ्या ठिकाणी मागितली, तिथेही नाही. मग प्रोग्रॅम बंद. फाइल तिसऱ्याच जागी ठेवलेली असते. सोर्स कोड न उघडता हे कळतं.

तिची किंमतही आहे. प्रत्येक मागणीला प्रोग्रॅम थांबतो, त्यामुळे तो कमालीचा मंदावतो. गर्दीच्या वेळी चालू डेटाबेसला ती लावू नये, लावलीच तर काही सेकंदांसाठी आणि फक्त फायलींच्या मागण्यांपुरती. कर्नलच्या आतच छोटे प्रोग्रॅम चालवू देणाऱ्या ईबीपीएफवर उभी असलेली नवी साधनं हेच काम फार कमी भार टाकून करतात, पण त्यांना बहुतेक ठिकाणी रूटचे अधिकार लागतात. आपल्याच खात्यातून सुरू केलेल्या प्रोग्रॅमला एसट्रेस सहसा रूटशिवायच लावता येते.